अकोल्याहून येतानाची चटणी

चटणी कोणत्या विहिरीच्या पाण्यात वाटली, हे मी डोळे मिटून सांगत होतो. फुशारकी नाई मारून राहिलो बाप्पा, धंदाच तसा. भातकुलीले आमची माळ्याची वाडी. सांभार, म्हंजे शहरातले लोक ज्याले कोथिंबीर म्हणतात ते, हिरव्या मिरच्या, लसूण, अंबाडी, असं सारं बंडीत घालून मी अमरावतीले राजापेठेत न्यायचो आन् तिथल्या भजेवाल्यांले द्यायचो. भजेवाला म्हणे, "किसनराव, चाखून पाहा बरं." मी चाखायचो. खाऱ्या विहिरीचं पाणी असलं तर जिभेच्या कडेले कळे, तळ्याचं असलं तर मागून चिखल लागे. असं करता करता नादच लागला. बाजाराले जावो, जत्रेले जावो, लग्नाले जावो, आधी तिथली चटणी पाहायची, मंग माणसं. बायको माही शकुन. ती म्हणे, "देवानं तुमाले माणूस काहून केलं कोणाले ठाऊक. पाटा-वरवंटा करायले पाहिजे होतं."

वऱ्हाड तवा मध्यप्रांतात होतं, इंग्रजाचं राज होतं. त्या सालच्या चैतात मी सिंधूले आणायले अकोल्याले गेलो. सिंधू आमची एकुलती. जावई वसंतराव तिथं जिनात कापसाच्या गाठी बांधत. पयलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. सातवा लागला म्हणून बाप बंडी घेऊन निघाला. रेल्वे होती, नाई असं नाई. पण त्या साली मरी, म्हंजे पटकी, होती. सकाळी माणूस आंगणात दात घासे आन् दिवस मावळायच्या आत त्याले नेत. टेसनावर डाक्टर उभा राहे आन् ज्याचा चेहरा पडलेला दिसला त्याले खाली उतरवून घे. सातव्या महिन्याच्या पोरीचा चेहरा तर पडलेलाच राहते. म्हणून बंडी.

निघताना इहीणबाई, मनकर्णाबाई, दारात उभ्या राहिल्या.

"इवाईबुवा, वाटेत कुठं काही खाऊ नका. भाकरी, तिखट, सारं बांधून देलं हाये." आन् त्याच दमात, "पण पोरीचे डोहाळे मोडू नका बरं. माह्या धाकट्याच्या वक्ताले कोणी मले कवठ देलं नाई, तर तो पाच वर्षाचा होईस्तोवर लाळ गाळत होता."

"मंग खाऊ घालू का नको?"

"बाप तुमी हाये," त्या म्हणे. "मले काय विचारता?"

वसंतराव बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते. त्यायनं एक बोट वर केलं. "मामा, टोपलीत दडवून कवठाची चटणी देली हाये. मायले सांगू नका."

अकोल्याची वेस सुटली नाई तर सिंधूनं टोपली उघडली. कवठ, गूळ, जिरं, लाल मिरची. आंबट असं की कानामागं मुंग्या याव्या. पोरीनं बोट चाटलं, डोळे मिटले, म्हणे, "बाबा, हे लेकरू बाहेर आल्यावर तुमच्यासंग बाजारातच हिंडन."

"हिंडू दे. मी त्याले बंडीत बसवून रिद्धपूरच्या जत्रेले नेईन. तिथली अंबाडीची चटणी खाल्ली नाई तो काय माणूस?"

"आन् पोरगी झाली तर?"

"तर तिले दोनदा नेईन."

दुपारी बोरगावले थांबलो. विहिरीच्या काठावर बाया घागरी उपड्या घालून बसल्या होत्या, कोणी पाणी काढत नव्हतं. मी वाकून पाह्यलं. पाणी जांभळं-लाल. सरकारचा माणूस सकाळीच दवा टाकून गेला म्हणे. वडाखाली एक म्हातारा ज्वारीची भाकर आन् जवसाची चटणी इकत होता. सिंधूले हवी झाली, घेतली. एक घास घेतला आन् तिनं थुकला.

"गंजलेला खिळा चाटल्यावानी लागते, बाबा."

मीही चाखली. खरंच तसं. म्हातारा कपाळाले हात लावून म्हणे, "माही चटणी तीस वर्षांची हाये हो, पाणी आजचं हाये. सकायपासून कोणी खाल्ली नाई. सरकारले मरी मारायची हाये का मले?"

आमी हासलो. मीही हासलो. त्या म्हाताऱ्याची चटणी तिथंच टाकून आमी पुढं निघालो, हे मले आता धड सांगताही येत नाई.

मुक्काम मूर्तिजापूरच्या धरमशाळेत झाला. दुसरा दिवस बाजाराचा, पण सकाळी पाह्यलं तर बाजारच नाई. चुली थंड, कढया उपड्या. जिलेबीवाल्याच्या ओट्यावर कुत्रं झोपलं होतं आन् त्याले हाकलायले कोणी नव्हतं. गावाच्या तोंडाशी दोन्ही बाजूले कडू लिंबाचे डहाळे बांधले होते. एक बंडी आमच्या बाजूनं गेली. तीत काहीतरी पांघरून ठेवलं होतं, मागं दोन बाया चालत होत्या. रडत नव्हत्या. मी बैल घाईनं पुढं काढले.

"कोण गेलं असन?" सिंधूनं विचारलं.

"म्हातारं कोणी असन. तू डोक्यावर पदर घे, ऊन हाये."

गाव मागं पडलं. दोन कोस गेल्यावर बैल रस्त्याच्या मधात थांबले. मारलं तरी हालत नव्हते. खाली उतरून पाह्यलं, तर वाटेत एक इतुकला लाकडी गाडा होता, हातभर. त्यावर चिंध्यांची बाहुली, हिरवा चुडा, हळदी-कुंकू, कापलेलं लिंबू. मरीआईचा गाडा. ज्या गावात मरी लागली ते गाव असा गाडा करते, वाजत-गाजत शिवेवर आणते आन् पुढच्या शिवारात ढकलून देते. म्हंजे देवी तिकडून निघाली आन् इकडे आली. जिकडे आमी चाललो होतो.

"कोणाचं खेळणं हाये, बाबा?"

"पाहू नको तिकडे."

"काहून?"

"सांगितलं नं एकदा!"

मी बैल रस्त्याखाली उतरवले, काट्याकुट्यातून गाड्याले वळसा घातला आन् पुन्हा वर चढवले. सिंधूनं तोंड फिरवलं. पोटावर हात ठेवून बसली होती. मले वाटलं, आपण उगाच खेकसलो पोरीवर. आन् हे पाहा, माणूस असाच फसते. भेवापायी खेकसते आन् मंग खेकसल्याची भरपाई करायले काहीही देऊन बसते.

नदी आली. चैतातली नदी, सारी रेती. पलीकडच्या काठावर आंब्याखाली धूर दिसला आन् वास आला. मिरचीचे भजे. तेल ताजं, बेसनात ओवा, मिरची चिरून आत मीठ-लिंबू भरलेलं. हे सारं मी बंडीत बसून सांगितलं आन् सिंधू हासली. दोन दिवसांत पयल्यांदा अशी मनापासून हासली.

"बाबा, थांबवा नं."

थांबवली.

तानुबाई नाव त्या बाईचं. पन्नाशीची, हातभर गोंदलेलं, आवाज असा की बैलानं कान टवकारावे. एकटीच भजे तळत होती. बाजूले पाट्यावर चटणी वाटून ठेवली होती. सांभार, हिरवी मिरची, लसूण, थोडे तीळ. इतकी हिरवीगार चटणी मी त्या वाटेवर कुठं पाह्यली नव्हती.

"या दादा, या. पोटुशी दिसून राहिली पोरगी. कितवा व माय?"

"सातवा," सिंधू लाजून म्हणे.

"मंग तुले पयले." तिनं पळसाच्या पानावर चार भजे आन् चटणीचा गोळा ठेवला. "बापाले मागून. त्याच्या पोटात काय हाये, हवाच."

मी म्हटलं, "बाई, बोरगावच्या चटणीले खिळ्याची चव होती. तुझी कशी?"

"थू! त्या लाल दवेचं पाणी मी पाट्याले लावतही नाई. सांभार काळं पडते त्यानं. आमच्या गावच्या विहिरीतही टाकून गेला तो टोपीवाला. मी काय येडी हाये? मी रेतीत झिरा केला. ते पाहा तिथं. रेतीतून गाळून येते पाणी, काचेवानी. चाखून तर पाहा."

मी चाखली. बाप्पा, ते पाणी गोड होतं. ना खार, ना चिखल. लसणाचा झटका आधी, मिरची मागून, तीळ शेवटी. माही सारी अक्कल जिभेवर होती आन् जिभेनं सांगितलं, पाणी उत्तम हाये.

"खा माय," मी म्हटलं. "पोटभर खा. अशी भेटत नाई."

तिनं तीन पानं खाल्ली. मी दोन. तानुबाईनं चौथ्या पानावर नुसती चटणी बांधून देली. "घरी जाऊन मायले दाखव. म्हणावं, तानुबाईच्या हातची हाये."

सिंधू आंब्याच्या सावलीत आडवी झाली. मी बैल सोडले आन् पाणी दाखवायले नदीत घेऊन गेलो. झिऱ्याजवळून गेलो. खरंच काचेवानी पाणी. पण त्यात बैलाले कसं पाजावं, म्हणून वर चाललो, वीस-पंचवीस हात. तिथं वळणावर रेतीत दुसरं डबकं होतं. एक बाई त्यात वाकळ धुवून राहिली होती. मोठी वाकळ, ओली, एकटीले उचलत नव्हती. तिचे हात मोकळे होते. बांगड्या नव्हत्या.

"माय, कोणाची वाकळ?"

तिनं वर पाह्यलं नाई.

"मालकाची."

"कवा गेले?"

"काल."

"कशानं?"

तिनं वाकळ पिळली. पिळलेलं पाणी रेतीत गेलं आन् रेतीनं ते पिऊन टाकलं. खाली झिऱ्याकडे उतार होता. लहान पोरालेही समजावा असा उतार.

"रात्री पोट सुटलं," ती म्हणे. "सकाळी संपले."

बैल तसेच ओढत मी पळत आलो. सिंधू उठून बसली होती. चटणीचं पान सोडून बोटानं चाटून राहिली होती. मी पान हिसकलं आन् चुलीत फेकलं.

"बाबा!"

"ऊन लागन चटणीले. नासन."

"अवो, आत्ताच तं बांधली!" तानुबाई म्हणे. "काय झालं तुमाले?"

मी तिले बाजूले घेतलं. वरच्या डबक्यात काय चालू हाये ते सांगितलं.  तिनं चटणीचा पाटा उचलला आन् रेतीत पालथा घातला. हात फडक्याले पुसत राहिली, पुसतच राहिली. "मीही सकायपासून चारदा खाल्ली, दादा," ती म्हणे. "मीही खाल्ली."

मूर्तिजापूर तीन कोस मागं. तिथं सरकारी दवाखाना होता. बंडी वळवली असती तर दिवस असतानाच पोचलो असतो. मी जू बैलाच्या मानेवर ठेवलं आन् मनात म्हटलं, रेतीतून गाळून येते पाणी. भजे तर उकळत्या तेलातले. पोरगी हासून राहिली, गाणं म्हणून राहिली. दवाखान्यात नेलं तर ठेवून घेतीन, मेलेल्यांच्या मधात निजवतीन. आन् तिले सांगू कसं? पोटुशीले भेव घालू नये म्हणतात. असं सारं मनात म्हटलं आन् बंडी पुढं हाकली.

तो दिवस मी तिच्याकडे पाहत काढला. ती थांबवा म्हणे, की मी कासरा टाकून खाली उडी मारो. ती झाडाआड जाऊन येये. मी विचारो, "बरं हाये नं?" ती म्हणे, "कितीदा विचारसान? पाय आखडले म्हणून उतरली." आंबट ढेकर आली तरी मी मागं वळून पाहो. रात्र मी सांगत नाई. सकाळी तिनं दोन भाकरी खाल्ल्या आन् मी देवाले हात जोडले. वाटलं, सुटलो.

जिल्ह्याच्या हद्दीवर नाका होता. रस्त्यात आडवा बांबू, बाजूच्या वावरात तट्ट्याच्या झोपड्या, भवताल दोरी बांधलेली. टेबलापाशी डाक्टर बसला होता, तरणा, चष्मेवाला, पुण्याकडचा असावा. त्याच्या डोळ्यात झोप नव्हती. आमच्या पुढं दोन बंड्या होत्या, त्या सुटल्या. सिंधूनं मागून माह्या सदऱ्याले धरलं.

"बाबा, काही सांगू नका. बाहेरचं खाल्लं म्हटलं की आत घालतात. धरमशाळेतली बाई सांगत होती. माय वाट पाहून राहिली असन."

म्हंजे तिले इतकंच वाटे, की बाहेरचं खाल्लं हाच गुन्हा.

"कुठून आलात?" डाक्टर म्हणे.

"अकोल्याहून, साहेब."

"वाटेत काय खाल्लं?"

सिंधूच पुढं होऊन बोलली. "घरच्या भाकरी. सासूबाईनं बांधून देल्या." टोपली उघडून दाखवली. खरंच दोन भाकरी उरल्या होत्या.

डाक्टरनं मान हलवली, बांबूवाल्याले हात केला. बांबू वर गेला. पलीकडे भातकुलीची वाट दिसत होती. घरी शकुन, शेजारी माह्या भावाची चार लेकरं, साऱ्यांची मिळून एक विहीर. मी कासरा उचलला आन् हात पुढं जाईना.

"साहेब," मी म्हटलं, "पोरगी खोटं बोलते. चटणी खाल्ली. मरीच्या माणसाची वाकळ जिथं धुतली, त्याच्या खालच्या झिऱ्याची. मीच खाऊ घातली."

सिंधूचा हात सदऱ्यावरून सुटला.

"कधी?"

"काल दुपारी."

डाक्टर उभा राहिला. कोणत्या गावाजवळ, ते लिहून घेतलं आन् लगेच एक घोडेस्वार त्या नदीकडे पिटाळला. आमाले दोरीच्या आत नेलं. बापलेकीले एक झोपडी. सिंधू खाली बसली, गुडघ्याले मिठी मारून, पोट आडवं येये तशी. "मरीच्या माणसाची वाकळ," ती हळूच म्हणे.  दुपारी तिनं पाणी मागितलं, मंग पुन्हा मागितलं. दिवस कलायच्या आधी तिले पयला जुलाब झाला, भाताच्या पेजेवानी पांढरा.

डाक्टर धावत आला. सुईनं मिठाचं पाणी नसात सोडतात, तो इलाज त्याले येत होता, पण त्याच्याजवळच्या बाटल्या सकाळीच संपल्या होत्या. अमरावतीहून टांग्यानं बाटली यायले दिवस मावळला. तोवर तिचे डोळे आत गेले होते, बोटं धोब्याच्या बोटांवानी सुरकुतली होती, आन् मी चमच्या-चमच्यानं तिच्या तोंडात उकळलेलं पाणी घालत होतो आन् ते बाहेर येत होतं.

"दवाखान्याजवळ असता तर लगेच लावली असती," डाक्टर सुई लावताना म्हणे. मले नाई, आपल्याशीच बोलला. मी ऐकलं.

सिंधू वाचली. लेकरू तिसऱ्या दिवशी आलं, हाललं नाई. पोरगी होती. वावराच्या कोपऱ्यात, जिथं बाकीच्यांले ठेवलं होतं, तिथं मीच खड्डा केला. मले काहीच झालं नाई. दोन पानं खाल्ली होती मी, साधं पोट दुखलं नाई. तानुबाईचं काय झालं ते कळलं नाई, आन् मी विचारायले गेलो नाई.

आठव्या दिवशी सिंधू भिंतीले टेकून बसली. मी तिले पेज पाजत होतो. तिचे गाल बसले होते, पण डोळे ठिकाणावर आले होते. तिनं माहा हात धरून वाटी थांबवली.

"बाबा, एक विचारू?"

"विचार, माय."

"वाकळीचं तुमाले कवा कळलं? नदीवरच, का नाक्यावर कोणी सांगितलं?"

पान चुलीत फेकलं ते तिनं पाह्यलं होतं. ऊन लागन म्हणालो, तेही तिनं ऐकलं होतं. तरी विचारून राहिली होती. बाहेर बांबू वर-खाली होत होता, नव्या बंड्या येत होत्या.

"नाक्यावर," मी म्हटलं. "रांगेत पुढच्या बंडीवाल्यानं सांगितलं."

तिनं माह्याकडे पाह्यलं. 

"मंग तुमी तरी काय करणार होते," ती म्हणे आन् तोंड उघडलं. मी चमचा भरला.